ब्रह्मा, विष्णू आणि केतकर मास्तर

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांनी हात वर करून मतदान केलं आणि प्लूटोचं ग्रहपद काढून घेतलं. शाळेच्या पुस्तकातले नऊ ग्रह आठ झाले. प्लूटोसाठी हळहळणारे लोक तेव्हापासून जगभर आहेत, पण मराठी माणसाची हळहळ जरा निराळी. आपल्याकडे सांगतात, की प्लूटो सापडण्याच्या १९ वर्षं आधीच व्यंकटेश बापूजी केतकर यांनी तो कागदावर मांडून दाखवला होता आणि श्रेय मात्र अमेरिका घेऊन गेली. हॉस्टेलच्या रात्रीच्या गप्पांत विषय निघाला की कोणीतरी हे छाती फुगवून सांगतं, आणि दुसरा कोणीतरी 'काहीतरीच काय' म्हणून उडवून लावतो. मला दोघंही अर्धवट वाटतात. म्हणून आधी हा माणूस कोण होता ते पाहू, मग त्याचं गणित.

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ चा, नरगुंद इथला. नरगुंद आज कर्नाटकात गदग जिल्ह्यात आहे, तेव्हा ते भावे घराण्याचं छोटंसं संस्थान होतं. व्यंकटेश चार वर्षांचा असताना, १८५८ च्या मे-जूनमध्ये, तिथले संस्थानिक बाबासाहेब भावे इंग्रजांविरुद्ध उठले आणि बेळगावला फाशी गेले. संस्थान संपलं. अशा गावातला हा मुलगा पुढे मॅट्रिक झाला आणि इंग्रजांच्याच शिक्षणखात्यात मास्तर झाला. नोकरी बहुतेक सगळी बागलकोट-विजापूर भागात. हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात मोडे, आणि तिथल्या मराठी घरांत मराठी, कानडी, संस्कृत अशा तिन्ही भाषांचा वावर असे. आकाशाचं वेड मात्र घरातूनच आलं होतं, कारण वडील बापूशास्त्री स्वतः ज्योतिषगणितातले.

इथे ज्योतिष म्हटल्यावर कुणी लगेच हात पुढे करू नये. त्या काळी ज्योतिष म्हणजे आधी गणित. ग्रह कुठे आहे, ग्रहण कधी लागणार, तिथी किती वाजता संपणार, हे सगळं त्यात येई. आणि त्या गणिताची अवस्था बिकट होती. महाराष्ट्रातली पंचांगं ज्या 'ग्रहलाघव' ग्रंथावर चालत, तो कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास रचलेला. ग्रंथ अप्रतिम आहे, त्रिकोणमितीच्या कोष्टकांशिवाय ग्रह काढायची सोय त्यात आहे. (आपल्या कितीतरी फॉर्म्युल्यांपेक्षा सुटसुटीत!) पण कुठल्याही घड्याळात रोज थोडी चूक असेल तर तीनशे वर्षांनी काय होईल? तेच झालं. पंचांगातला ग्रह एकीकडे आणि आकाशातला दुसरीकडे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली युरोपियन कोष्टकांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा मराठी ग्रंथ काढला, आणि त्यावरून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागलं. लोकांनी ते चटकन स्वीकारलं नाही. धर्माच्या तिथ्या साहेबाच्या आकड्यांवरून ठरवायच्या हे अनेकांच्या गळी उतरत नव्हतं.

केतकरांनी इथे जे केलं ते मला त्यांच्या प्लूटोच्या भाकितापेक्षाही मोठं वाटतं. त्यांनी युरोपातलं ताजं ग्रहगणित पूर्ण पचवलं आणि ते संस्कृतात, शास्त्री-पंडितांना वापरता येईल अशा जुन्या धाटणीत पुन्हा बांधून दिलं. 'ज्योतिर्गणित' हा त्यांचा मोठा ग्रंथ. 'केतकी ग्रहगणित' हा श्लोकबद्ध, ग्रहलाघवाच्या वळणाचा. 'वैजयंती' हा पंचांग करणाऱ्यांसाठी. मराठीत 'नक्षत्रविज्ञान' आणि इतर पुस्तकं. आणि १९२३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने त्यांचं भारतीय व परदेशी कालगणनेवरचं इंग्रजी पुस्तक छापलं. म्हणजे एक मास्तर, शाळा सांभाळून, लॉगॅरिदमच्या कोष्टकांवर हे सगळं काढतो आहे. कॅल्क्युलेटर नाही, वेधशाळा नाही. आपण एका सबमिशनला रात्र जागवतो आणि आठवडाभर त्याचं कौतुक सांगतो.

वाद त्यांना चुकले नाहीत. राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा यावरून महाराष्ट्रात मोठी जुंपली होती. टिळक ज्या पक्षाचे होते तो रेवतीच्या एका तारकेवरून मोजणारा, केतकर चित्रा ताऱ्यावरून मोजणारे. फरक सुमारे चार अंशांचा. ऐकायला किरकोळ, पण त्यामुळेच टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते आणि बाकीच्या पंचांगांत १४ ला! अधूनमधून अधिक महिनाही वेगळा पडतो, मग एकाच आळीत दोन दिवाळ्या. लोकमान्यांच्या विरुद्ध बाजूला उभं राहून केतकरांनी आपला पक्ष सोडला नाही. ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिने १९५५ च्या अहवालात चित्रापक्षच घेतला आणि आज देशातली बहुतेक पंचांगं त्यावर चालतात. हा निकाल केतकरांच्या बाजूने लागला, आणि त्याबद्दल कुणी छाती फुगवत नाही. असो.

आता १९११. त्या वर्षीच्या मे महिन्यात पॅरिसच्या 'सोसिएते आस्त्रोनोमिक द फ्रान्स' या संस्थेच्या बुलेटिनमध्ये केतकरांचा लेख आला. ही संस्था कामीय फ्लामारियों यांनी १८८७ साली स्थापन केलेली, तिचं बुलेटिन युरोपभर वाचलं जाई. लेखाचा विषय होता नेपच्यूनच्या पलीकडचे ग्रह. केतकरांनी दोन ग्रह असावेत असं मांडलं आणि नावंही दिली, ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासून सरासरी अंतर ३८.९५ खगोलीय एककं (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक) आणि प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षं.

१९३० साली प्लूटो सापडला. त्याचं सरासरी अंतर सुमारे ३९.५ एककं, काळ सुमारे २४८ वर्षं. अंतरात दीड टक्क्याच्या आतली चूक, काळात अडीच टक्क्यांच्या आतली. आमच्या प्रॅक्टिकलला इतकी चूक आली तर आम्ही रीडिंग 'बनवलंय' असा संशय घेतला जातो.

हे आकडे आले कुठून? गुरूच्या चंद्रांवरून. गुरूचे चार मोठे चंद्र १६१० साली गॅलिलिओने पाहिले. मी राहतो हेंद्रेपाड्याला, बदलापूर पश्चिमेला, आणि आमच्या गच्चीवरूनही साध्या दुर्बिणीतून ते ठिपके दिसतात, फक्त पावसाळ्याचे चार महिने सोडायचे आणि हात हलू नये म्हणून कठड्याचा टेकू घ्यायचा. दोन-तीन रात्री ओळीने पाहिलं तर ठिपक्यांनी जागा बदललेल्या कळतात. त्यांतले आतले तीन म्हणजे आयो, युरोपा आणि गॅनिमीड. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. फ्रेंच गणिती लाप्लासने १८व्या शतकाच्या अखेरीस यातला आणखी बारीक नियम दाखवला. रोजची मध्यम गती अंशांत घ्या. आयो २०३.४८९, युरोपा १०१.३७५, गॅनिमीड ५०.३१८. आता आयोच्या गतीतून युरोपाची तिप्पट वजा करा आणि गॅनिमीडची दुप्पट मिळवा. करून बघा, बाकी शून्य येते. हा योगायोग नाही. हे तीन चंद्र एकमेकांना ठरावीक वेळी ओढ देतात, झोपाळ्यावरच्या पोराला नेमक्या क्षणी धक्का द्यावा तसे, आणि त्या ओढीने एकमेकांना या नियमात धरून ठेवतात. आपल्या भाषेत रेझोनन्स.

केतकरांना वाटलं, गुरू आणि त्याचे चंद्र हे सूर्य आणि ग्रहांचंच छोटं रूप आहे. मग चंद्रांना जो नियम लागू, तो बाहेरच्या ग्रहांना का नसावा? युरेनसचा काळ सुमारे ८४ वर्षं, नेपच्यूनचा सुमारे १६५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. इथेच त्यांना लाप्लासचा साचा दिसला. मी गणित करून पाहिलं. लाप्लासचे मूळ गुणक (१, ३, २) जसेच्या तसे घातले तर पुढच्या ग्रहाचा काळ सुमारे ३१७ वर्षं येतो, जुळत नाही. पण गुणक १, ४, ३ घेतले, म्हणजे युरेनसच्या गतीतून नेपच्यूनची चौपट वजा करून तिसऱ्याची तिप्पट मिळवली आणि बेरीज शून्य धरली, तर काळ येतो साधारण दोनशे साडेबेचाळीस वर्षं. हे गणित माझं आहे, केतकरांच्या नावावर मी ते घालत नाही, पण २४२.२८ च्या इतकं जवळ आलेलं पाहून रात्री दोन वाजता झोप उडाली हे खरं.

आता दुसरी बाजू, कारण इथेच गोष्ट अडते. टिटियस-बोडेचा नियम आठवा, ०.४ मध्ये ०.३ च्या दुपटी मिळवत जायच्या. नेपच्यूनसाठी तो ३८.८ एककं सांगतो. नेपच्यून आहे ३० वर, आणि ३८.८ च्या आसपास निघाला तो प्लूटो! म्हणजे कसलंही भौतिक कारण न देणारा एक आकड्यांचा खेळही जवळपास तिथेच पोचतो. आकडा जुळला म्हणून कारण बरोबर, असं म्हणता येत नाही. आणि केतकरांचं कारण आपल्या सूर्यमालेपुरतं बरोबर नव्हतं. युरेनस आणि नेपच्यून दोनास एकच्या जवळ आहेत, पण त्यात अडकलेले नाहीत, आणि प्लूटोसह ते लाप्लासच्या साखळीत नाहीत.

अजून एक. १८४६ साली ल व्हेरियेने नेपच्यून आकाशात नेमका कुठे शोधायचा तो बिंदू सांगितला. बर्लिनमध्ये गालेने २३ सप्टेंबरच्या रात्री तिथे दुर्बीण रोखली आणि एक अंशाच्या आत ग्रह सापडला. केतकरांनी अंतर आणि काळ दिला, पण ग्रह आत्ता कुठल्या राशीत आहे ते दिलं नाही. नुसत्या गतीच्या नियमातून ते निघतही नाही. हे म्हणजे गाडी किती मिनिटांत कर्जतला जाते ते ठाऊक आहे, पण आत्ता ती वांगणीला आहे की नेरळला ते ठाऊक नाही, तसं. त्या काळात पुण्यात, आपल्यासारख्याच इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, कावसजी नायगमवाला यांची वेधशाळा होती आणि तिच्यात २० इंची परावर्ती दुर्बीण होती, देशातली सगळ्यांत मोठी. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. केतकरांचा लेख त्याच्या आदल्या वर्षीचा. दोन मराठी मुलखांतल्या या दोन गोष्टी एकत्र आल्या असत्या तर, असं मनात येतंच. पण आले असते तरी ती दुर्बीण रोखायची कुठे?

अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेलने १९१५ साली आपल्या 'प्लॅनेट एक्स'चं गणित छापलं. अंतर ४३ एककं, काळ २८२ वर्षं, वजन पृथ्वीच्या सुमारे साडेसहापट. आकाशातली जागाही दिली. तो १९१६ साली वारला. त्याच्या ॲरिझोनातल्या वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ हा २४ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा एकेका जागेच्या दोन-दोन फोटोप्लेट आलटून पालटून पाहत बसे, हललेला ठिपका शोधत. १८ फेब्रुवारी १९३० ला तो दिसला, लॉवेलने सांगितलेल्या जागेपासून सहा अंशांवर. १३ मार्चला बातमी जाहीर झाली. गंमत अशी, की अंतर आणि काळ केतकरांचे जास्त जवळचे ठरले, आणि जागा लॉवेलची. आणि लॉवेलचं गणितही पायाशीच चुकलं होतं. १९७८ साली प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला आणि प्लूटोचं वजन पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही थोडं जास्तच, इतकंच निघालं. युरेनसला ओढायची त्याची ताकदच नव्हती. व्हॉयेजर-२ ने १९८९ साली नेपच्यूनचं वस्तुमान नीट मोजलं, आणि १९९३ साली त्यावरून फेरगणित केल्यावर युरेनसच्या गतीतली ती 'चूक'च नाहीशी झाली.

त्यामुळे श्रेय चोरल्याची भाषा मला पटत नाही. सापडवण्याचं श्रेय टॉम्बॉच्या डोळ्यांना आणि चिकाटीला. केतकरांचं मोठेपण तिथे शोधू नये.

ते ३ ऑगस्ट १९३० रोजी विजापूरला गेले, वयाच्या ७७व्या वर्षी. प्लूटोची बातमी जाहीर होऊन पाच महिनेही झाले नव्हते.

मग त्यांचा प्रश्न वाया गेला का? चंद्रांचा साचा ग्रहांना लागू असेल का, हा तो प्रश्न. त्याचं उत्तर मिळायला ग्रह-चंद्र तयार कसे होतात हे कळायला हवं होतं. योगायोग पाहा, त्याचाही पहिला आराखडा लाप्लासचाच, १७९६ चा. फिरता तेजोमेघ आकसत जातो, चपटा होतो, त्यातून ग्रह बनतात. बारकावे पुढे बदलले, पण चपटी तबकडी टिकली. २०१४ साली चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी एचएल टौरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची तबकडी टिपली, तिच्यात कड्या आणि मधल्या फटी स्वच्छ दिसतात. धुळीचे कण चिकटून खडे, खड्यांचे डोंगर, डोंगरांचे ग्रह. २०२१ साली पीडीएस ७० या ताऱ्याच्या एका ग्रहाभोवतीही अशीच छोटी तबकडी स्पष्ट दिसली. तिच्यात चंद्र बनू शकतात. म्हणजे गुरू आणि त्याचे चंद्र हे सूर्यमालेचं छोटं रूप, ही केतकरांची कल्पना बनण्याच्या पद्धतीपुरती खरीच निघाली.

आणि नव्याने बनलेला ग्रह एका जागी बसत नाही. तबकडीतला वायू त्याला हळूहळू सरकवतो. सरकता सरकता दोन ग्रहांचे काळ साध्या प्रमाणात आले की ते एकमेकांत अडकतात आणि पुढे जोडीने सरकतात. आयो, युरोपा, गॅनिमीड असेच अडकले असावेत. प्लूटोचंही तसंच. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या बरोबर दोन होतात, म्हणूनच त्याची कक्षा नेपच्यूनच्या आत शिरूनही (१९७९ ते १९९९ तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता) टक्कर होत नाही. हे कसं घडलं ते १९९३ साली रेणू मल्होत्रा यांनी मांडलं. त्या आयआयटी दिल्लीच्या विद्यार्थिनी, पुढे अमेरिकेत गेल्या. नेपच्यून सुरुवातीला सूर्याच्या जवळ होता, तो बाहेर सरकत गेला आणि वाटेतल्या प्लूटोला त्याने रेझोनन्समध्ये पकडून पुढे ढकललं. तेव्हा प्लूटो जिथे आहे तिथे तो रेझोनन्समुळेच आहे. केतकरांनी शोधायला घेतलेली वस्तू बरोबर होती, फक्त गुणक वेगळे. २००५ साली आलेल्या 'नीस मॉडेल'नंतरच्या कामांत तर असं दिसतं, की आपले चारही मोठे ग्रह सुरुवातीला एका रेझोनन्सच्या साखळीत असावेत आणि मागाहून ती तुटली.

तुटली नाही अशाही जागा आहेत. ग्लीझ ८७६ नावाचा लहानसा तांबडा तारा आपल्यापासून सुमारे १५ प्रकाशवर्षांवर आहे. २०१० साली त्याचा चौथा ग्रह जाहीर झाला आणि बाहेरच्या तिघांचे काळ निघाले ३०.१, ६१.१ आणि १२४.३ दिवस. एकास दोनास चार. ग्रहांमध्ये लाप्लासचा नियम प्रथम सापडला तो इथे. नंतर २०१७ साली ट्रॅपिस्ट-१ चे सात ग्रह एका साखळीत सापडले, २०२३ साली एचडी ११००६७ चे सहा. ज्यांच्याकडे आत्ता कॅल्क्युलेटर आहे त्यांनी ग्लीझचे तीन काळ घ्यावेत, ३६० ला भागावं, आणि पहिल्यातून दुसऱ्याची तिप्पट वजा करून तिसऱ्याची दुप्पट मिळवावी. १२.० वजा १७.७ अधिक ५.८. उरतो फक्त ०.१.